हंस आल्यास पूल उघडू नये

ओल्डेझाइल, पूल खातं, दुसरा मजला
गुरुवार, सकाळचे साडेसात

ती. दाउवेमामा आणि सौ. हिल्केमामी यांना गेर्बेनचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे सध्या जेवढं वाकवतं तेवढं. कंबरेचं काय झालं ते पुढे येईलच.)

मामा, गुडघा काय म्हणतो? बेटावरचा वारा मानवला का? मामींनी लावलेला कोबी सशांनी ठेवला की नेला? इकडे सगळे सुखरूप आहेत. नेलचा खोकला गेला, आईचं कानातलं यंत्र सापडलं (लोण्याच्या डब्यात होतं, आता तिला पुन्हा सगळं ऐकू येतं आणि घरातली शांतता गेली), आणि मी अजून नोकरीत आहे. या शेवटच्या बातमीची खात्री मात्र पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत देता येत नाही. खरं तर हे सगळं फोनवरच सांगणार होतो. पण फोनवर तुम्ही 'बरं' म्हणता आणि ठेवून देता. पत्राला 'बरं' म्हणून ठेवता येत नाही. (मामी, ते तरीही ठेवायला लागलेच, तर कृपया पुढचं मोठ्यानं वाचून दाखवा.)

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवसापासून सुरुवात करतो, कारण बिघाडाची सुरुवात तिथूनच आहे. एकतीस वर्षं ओल्डेझाइलचे सातही पूल तुम्ही एका खोलीत बसून, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामवर उघडलेत आणि मिटलेत. त्या खोलीत तुम्ही, शेजारी मी, एक कॉफीचं यंत्र आणि एक खिडकी एवढंच खातं होतं. निरोपाच्या दिवशी गुलाबी साखरेचा केक होता, रूलोफसाहेबांचं भाषण होतं (तुमचं नाव त्यांनी दुसऱ्या प्रयत्नात बरोबर घेतलं), आणि भेट म्हणून तुम्हाला सागवानी फळीवर बसवलेली, पितळी पाटीची ती लोखंडी दांडी दिली. वीज गेली तर पूल हातानं फिरवायची दांडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सातही पुलांना मिळून ती एकच दांडी होती, हे त्या खोलीत तुम्हाला आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही भेट घेऊन 'बरं' म्हणालात. मी टाळ्या वाजवल्या.

रूलोफसाहेबांविषयी थोडं सांगायला हवं, कारण तुमची-त्यांची ओळख जेमतेम केकपुरती. गृहस्थ उट्रेख्टचे. पूल खात्याचे संचालक होण्याआधी ते दह्यात होते. दह्यात असताना त्यांनी म्हणे दुधाचं काम बाहेर दिलं आणि कंपनी कुठल्या कुठे गेली. (कुठे गेली, हे मी विचारलं नाही.) इथे आल्यावर त्यांनी खात्याचा अभ्यास केला आणि एका सोमवारी सकाळी आम्हाला गोळा करून निष्कर्ष सांगितला की पूल उघडणं हे पूल खात्याचं मुख्य काम नाही. मग मुख्य काम कोणतं, असं तित्स्केनं विचारलं. (तित्स्के आमच्या शेजारच्या हरित विभागातली. झाडं, बदकं आणि दंड हे तिच्याकडे.) साहेब म्हणाले, "ते एकदा पूल हातावेगळे झाले की कळेल."

तर तुमचा प्रोग्राम नव्यानं लिहायचं आणि पुढे चालवायचं काम फिलिपिन्समध्ये, सेबू शहरातल्या एका कंपनीकडे गेलं. तिथल्या गटाची प्रमुख मारिसेल दुमलाओ नावाची बाई. वय पस्तिशीचं, आवाज शांत, आणि कामात इतकी चोख की तिच्याशी बोलताना आपली इस्त्री बिघडली आहे असं वाटावं. तुमच्याकडून तिच्याकडे ज्ञान पोचवण्यासाठी साहेबांनी एक दुपार राखून ठेवली होती. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आलात, ॲपल पायचे दोन तुकडे खाल्लेत, साहेबांनी विचारलं की पूल कधी उघडायचा हे तुम्ही कसं ठरवता, आणि तुम्ही म्हणालात, "दिसलं की उघडतो." साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. एकतीस वर्षांचं ज्ञान तीन शब्दांत पोचलं म्हणून ते खूश होते.

उरलेलं लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. मामा, चार महिने मी लिहीत होतो. सहाशे चाळीस पानं झाली. पूल म्हणजे काय, पाणी म्हणजे काय, उघडं म्हणजे काय, मिटलेलं म्हणजे काय. बारा नंबरच्या पानावर एक वाक्य होतं, त्याचा मला फार अभिमान होता: 'पुलापाशी तरंगत येऊन थांबलेल्या कोणत्याही वस्तूसाठी पूल उघडावा.' नेलला मी ते रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, मटार वाढ.

आता करारातलं एक कलम सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. कंपनीनं आम्हाला शंभर प्रश्न विचारावेत. एकशेएकाव्या प्रश्नापासून आमचा जो वेळ जाईल त्याचा हिशेब वेगळा. हे कलम साहेबांनी स्वतः घातलेलं. त्यांच्या केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर ते प्रश्नांच्या काड्या मांडायचे. आणि मारिसेलला सवय अशी की पत्राची सुरुवात 'गेर्बेन सर, कसे आहात? जेवण झालं का?' अशी. तिकडे विचारपूस केल्याशिवाय कामाला हात घालत नाहीत. साहेबांनी त्या दोन काड्या मांडल्या. मी म्हटलं, साहेब, ही विचारपूस झाली. ते म्हणाले, "शेवटी प्रश्नचिन्ह आहे की नाही?" अकराव्या दिवशी साठ काड्या झाल्या होत्या. त्यांतल्या बावीस माझ्या जेवणाच्या होत्या. मग साहेबांनी सेबूला रीतसर कळवलं की आमच्या कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करू नये. त्यानंतर तिची पत्रं नुसती 'पान अमुक, ओळ तमुक' अशी यायला लागली. घरातलं कुणी रुसून बसल्यासारखं वाटायचं.

सत्त्याण्णवावा प्रश्न बारा नंबरच्या पानाबद्दल होता. 'कोणत्याही म्हणजे खरोखर कोणत्याही?' एवढाच. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं, तीन काड्यांची जागा उरलेली, आणि मला उत्तर लिहायला लावलं: 'पान बारा पाहावे.'

एप्रिलमध्ये उद्‌घाटन झालं. हमरस्त्यावरच्या तीन नंबरच्या पुलापाशी मांडव, महापौरबाई गळ्यात पदाची साखळी घालून, वाद्यवृंद, आणि समोर सेबूचा गट मोठ्या पडद्यावर हात हलवतोय. बटण दाबलं. त्याच क्षणी लव्हाळ्यातून एक हंस आला आणि पुलाच्या तोंडाशी येऊन थांबला. पूल उघडला. मामा, इतका सुंदर, आवाज न करता तो तुमच्या काळातही उघडला नसेल. लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. खूप टाळ्या झाल्या. हंस तिथेच मान पंखात घालून झोपला. पूल उघडाच राहिला. तीन तास दहा मिनिटं. अलीकडे दुधाचा टँकर, शाळेच्या सायकली आणि एक नवरा. पलीकडे त्याची नवरी. (लग्न शेवटी पाण्याच्या दोन काठांवरून ओरडून लागलं. नवरीचं 'हो' ऐकू आलं. नवऱ्याचं वाऱ्यावर गेलं. ते कायदेशीर धरायचं का, यावर नगरपालिकेत अजून फाइल आहे.)

मारिसेलनं दहा मिनिटांत दुरुस्ती तयार करून ठेवली. ती लावायला आमची परवानगी हवी. परवानगी बदल समिती देणार. बदल समिती महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बसते, आणि तो नुकताच होऊन गेला होता. मधल्या तीन आठवड्यांत काय करायचं, तर साहेबांनी मला एक लहान होडी, एक केशरी जॅकेट आणि रोज चार पाव दिले. हंसांना पाव दाखवत पुलांपासून लांब न्यायचं. वरिष्ठ नियोजन अधिकारी, मामा, एकवीस वर्षांची नोकरी! काठावरून आईच्या मैत्रिणी हाका मारून विचारायच्या, "गेर्बेन, बढती मिळाली का रे?" तिसऱ्या दिवशी तित्स्के काठावर आली आणि पाणपक्ष्यांना खाऊ घातल्याबद्दल तिनं मला दंडाची पावती फाडून दिली. मी म्हटलं, तित्स्के, अगं मी सरकारी कामावर आहे. ती म्हणाली, "मीही." सहाव्या दिवशी पाव संपले. हंसाला ते पटलं नाही. त्यानं पाठीमागून येऊन कंबरेत पंख हाणला. आमच्याकडे प्रकृतीची चौकशी बंद असल्यानं ऑफिसात कुणी काही विचारलं नाही.

मग समिती बसली. सहा जण, दोन थर्मास कॉफी. वाक्य काय लिहायचं यावर तासभर चर्चा झाली. मी 'पक्षी' म्हणत होतो. जोखीम विभागाच्या बाई म्हणाल्या, बदकांची तक्रार आलेली नाही, नसलेल्या तक्रारीवर निर्णय घेता येत नाही. शेवटी एकमतानं ठरलं: 'हंस आल्यास पूल उघडू नये.' त्या एकमतात माझंही मत होतं, हे लपवत नाही. शंभरावा प्रश्न मारिसेलनं त्यावर खर्च केला: 'हंस कसा ओळखावा?' साहेबांनी उत्तर दिलं, "नावावरून." त्यांना तो विनोद वाटला होता.

दुपारी बारा वाजता नवा नियम लागू झाला. त्या वेळी तीन आणि चार नंबरच्या पुलांच्या मधे आपला ईपे होता. त्याची ती एकशे सहा वर्षांची सपाट तळाची, तपकिरी शिडाची बोट घेऊन. मामा, बोटीचं नाव तुम्हाला मी सांगायला नको.

प्रत्येक बोट आपलं नाव यंत्रातून पाठवत असते. ते पुलाला कळतं. चार नंबरच्या पुलाला कळलं की 'हंस' आला आहे. तो उघडला नाही. ईपे मागे वळला. तीन नंबरही उघडला नाही. खऱ्या हंसांपैकी मात्र कुणीही आपलं नाव पाठवत नसल्यामुळे त्यांना पूल पहिल्यासारखाच उघडत होता. ईपेच्या हे लक्षात आलं. वय ब्याऐंशी, पण डोकं साफ. तो दोनशे मीटर मागे सरकून दबा धरून बसायचा, एखादा हंस पुलाशी गेला आणि पूल वर उचलला गेला की पूर्ण वेगानं सुटायचा. जवळ पोचला की पुलाला नाव कळायचं आणि तो त्याच्या नाकासमोर मिटायचा. हे त्यानं पहिल्या दिवशी चौदा वेळा केलं. हातानं उघडायची दांडी तुमच्या दिवाणखान्यात होती. ती मागायला मी बेटावर येतो म्हटलं, तर साहेब म्हणाले की दिलेली भेट परत मागणं खात्याला शोभत नाही, आणि शिवाय हातानं उघडल्यास करारातली हमी रद्द.

बोटीवर ग्रोनिंगेनहून दोन दिवसांच्या सहलीला आलेलं निवृत्त दंतवैद्यांचं गायनमंडळ होतं. सोळा जण. उतरून बसनं घरी जायला अर्धा तास. पण ते म्हणाले, आम्ही बोटीनं परत जायचं ठरवून निघालो आहोत, बोटीनंच जाऊ. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांची चौदाच्या चौदा गाणी तीनदा म्हणून झाली. चौथ्या दिवशी त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी काठावरच्या लोकांचे दात बघायला सुरुवात केली. आधी बेकरीवाला गेला, मग त्याची सासू, मग रांग लागली. आमच्याकडे दंतवैद्याची वेळ चार-चार महिने मिळत नाही, आणि इथे सोळा जण फुकट, वर गाणं. आठवडाभर ओल्डेझाइलमध्ये सगळ्यांची तोंडं उघडत होती, पूल तेवढा उघडत नव्हता.

रोज सकाळी सात वाजता या विषयावर बैठक व्हायची. (सात, कारण तेव्हा सेबूत दुपार असते.) आता बैठकीला कोण कोण, तेही ऐका, कारण साहेबांनी बचतीचा जो तक्ता महापौरबाईंना दाखवला त्यात ही मंडळी नाहीत. करार सांभाळणारा एक, गुणवत्ता बघणाऱ्या दोघी, जोखमीच्या बाई, बदल समन्वयक, सेबूच्या लोकांच्या चालीरीती आम्हाला समजावून सांगणारा एक सल्लागार (जर्मन आहे, सेबूला गेलेला नाही), आणि बचत नीट होते आहे ना यावर देखरेख करणारा एक. तुमच्या त्या खोलीत आता सात खुर्च्या आहेत. खिडकीसमोर कपाट आलं. मारिसेल पडद्यावर शांत बसलेली असायची. तिला थेट काही विचारायचं नाही असा नियम. विचारायचं ते साहेबांमार्फत, आणि साहेबांनी विचारलं की नाही हे विचारायचं नाही.

साहेबांचं मत पडलं की बोटीचं नाव बदलावं. तसं सांगायला मला पाठवलं. आठवा दिवस होता. ईपे डेकवर दोरी वळत बसला होता. मी आडवळणानं सुरुवात केली, की नाव काय, रंगाचाच प्रश्न आहे, फार तर एक अक्षर पुसू.

"कुणाची कल्पना?" त्यानं वर न बघता विचारलं.

"ऑफिसची."

"नाव गीर्त्येनं ठेवलंय. बोट घेतली त्या दिवशी. तुझ्या ऑफिसनं काय ठेवलंय आजवर?"

मी म्हटलं, मग निदान नाव पाठवायचं यंत्र पाच मिनिटं बंद कर, हळूच निघून जा.

"पन्नास वर्षं ही बोट आपलं नाव सांगून जातेय, गेर्बेन. आता काय चोरासारखी जाऊ?" मग बराच वेळ दोरी वळून तो म्हणाला, "रविवारी वर्ष होतं तिला. तिची राख सोडली त्या तळ्यावर असायचं होतं मला. एवढंच होतं बघ. तुमचे ते दात-डॉक्टर राहू देत, मला घाई नाही त्यांची."

ईपेची बायको, आपली गीर्त्येकाकू, जाऊन वर्ष होत आलं हे माझ्या लक्षातच नव्हतं. मी तिच्याकडून लहानपणी पोहायला शिकलो. ऑफिसात परत आलो, साहेबांना म्हटलं की रविवारच्या आत पूल उघडायला हवा. ते म्हणाले, पुढचा पहिला गुरुवार काही फार लांब नाही.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी झाडूच्या खोलीत गेलो, आतून कडी लावली आणि सेबूला फोन केला. तिकडे दुपारचे तीन. मारिसेलनं उचलला.

"मी गेर्बेन. ओल्डेझाइल. कशा आहात? जेवण झालं का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "झालं, सर. तुमचं? कंबर कशी आहे?"

"कंबर तुम्हाला कशी कळली?"

"पुलावरच्या कॅमेऱ्यात बघितलं ना आम्ही. तो मागून आला तेव्हा आम्ही सगळे ओरडलो, सर, मागे बघा, मागे बघा! तुम्हाला ऐकू येणार नव्हतं. इथे तुम्हाला सगळे हंसकाका म्हणतात. रागावू नका."

मामा, आठ महिने ती माणसं आपलं गाव रोज बघत होती. दोन नंबरच्या पुलावर नवऱ्याला चोरून सिगरेट ओढणारी बाई त्यांना माहीत होती. बेकरीवाल्याचा कुत्रा लंगडतो हे आमच्याआधी त्यांच्या लक्षात आलं होतं. मी ईपेचं सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "एक सांगू? प्रश्न नाही, सांगतेच आहे. जुन्या प्रोग्राममध्ये एक ओळ होती. 'ईपे आला तर उघड. विचारू नकोस.' हंसाचा नियम लावताना मी विचारलं होतं की ईपे कोण. तो एकशेएकावा प्रश्न झाला. उत्तर आलं नाही. तुमच्या सहाशे चाळीस पानांत ईपे नव्हता. मग मी ती ओळ काढली."

सहाशे चाळीस पानांत पाण्याची व्याख्या होती, मामा. ईपे नव्हता.

"आता कळलंय आम्हाला कोण ते," ती म्हणाली. "तो सकाळी दोन कप घेऊन डेकवर बसतो. एक कप पितो आणि दुसरा पाण्यात ओततो. रोज. तो दुसरा कुणाचा, सर?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "चार मिनिटं द्या." हमीचं विचारलं नाही, समितीचं विचारलं नाही. मी कडी काढून, साहेबांच्या केबिनसमोरून, कंबर धरून धावत चार नंबरच्या पुलावर गेलो. पोचलो तेव्हा पूल वर चालला होता. त्या घटकेला सोळापैकी दोघे बेकरीवाल्याच्या सासूच्या दाढेत होते. ते तसेच, तिला घेऊनच, गात निघाले. (तिला पुढच्या धक्क्यावर उतरवलं. दाढ उत्तम झाली म्हणते.) पुलाखालून जाताना ईपेनं टोपी काढली आणि कॅमेऱ्याच्या खांबाकडे बघून वर धरली. त्याला बहुतेक वाटलं असेल की आत तुम्ही आहात. सेबूत सगळे उभे राहिले होते, असं मारिसेलनं नंतर सांगितलं.

रविवारी तो तळ्यावर होता.

साहेबांनी त्याच संध्याकाळी मला बोलावून परवानगीशिवाय फोन केल्याबद्दल लेखी समज दिली, आणि सोमवारी वर्तमानपत्राला सांगितलं की ओल्डेझाइलचा नऊ दिवसांचा जलपर्यटन आणि दंतआरोग्य उपक्रम कमालीचा यशस्वी झाला. आता त्यांना त्यावर भाषणाचं आमंत्रण आहे. मारिसेल नोकरी सोडते आहे. नॉर्वेतल्या एका फेरीबोटीच्या कंपनीनं तिला उचललं. त्यांनी तिला प्रश्न विचारण्याबद्दल काही अट घातलेली नाही. महिनाअखेर ती जाईल. तिच्या जागी जो नवा मुलगा येतोय त्याचं पहिलं पत्र काल आलं. फळा पुसून साहेबांनी नव्यानं पहिली काडी मांडली. प्रश्न होता: 'पूल म्हणजे आपल्या मते नेमके काय?'

असो. फार लांबलं. मामींना नमस्कार, सशांना माझ्याकडून काही नाही. तब्येतीला जपा, वाऱ्यात टोपी घाला.

तुमचा भाचा,
गेर्बेन

ता. क. एक गोष्ट मघाशी लिहायची राहिली. म्हणजे राहिली नाही, टाळली. काम बाहेर देण्याचं ते चकचकीत माहितीपत्रक साहेबांच्या टेबलावर मीच ठेवलं होतं. एकवीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसलो आणि तुम्ही मला एकदाही पूल उघडू दिला नाहीत. हात लावायला गेलो की म्हणायचात, "खिशात ठेव." मला वाटलं, तुमच्यानंतरही जर कुणीतरी मला खिशात हात ठेवायला सांगणार असेल, तर ते माणूस निदान लांबचं असावं. रागावला असाल तर रागवा, पण आईला सांगू नका.

ता. क. २. पत्राचं खरं कारण आता लिहितो. सोबत दोनशे चौदा प्रश्नांची यादी आहे. मारिसेलनं आठ महिन्यांत न विचारलेले. पाच नंबरचा पूल उन्हाळ्यात का अडकतो, डिसेंबरात कुणासाठी दोनदा उघडायचा, असे. यांची उत्तरं तुमच्याशिवाय पृथ्वीवर कुणालाही येत नाहीत. ती जायच्या आत कृपया लिहून पाठवा. तीन-तीन शब्दांत नको.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधीच सेबूचं या महिन्याचं बिल आलं म्हणून पुन्हा लिहितोय. त्यात एक नवीन ओळ आहे: 'पूलतज्ज्ञ, समुद्रापार, आठवड्याला बारा तास.' नाव दाउवे हूक्स्त्रा. पत्ता तुमच्या बेटाचा! मारिसेलला विचारलं तर ती म्हणते, तुमच्या प्रोग्रामच्या अगदी शेवटी तुमचा फोन नंबर होता, ईपे सुटल्यावर तिनं तो लावला, आणि तुम्ही पहिल्याच दिवशी तिच्याशी पावणेदोन तास बोललात. पावणेदोन तास, मामा! दोनशे चौदाच्या दोनशे चौदा प्रश्नांची उत्तरं तिला मिळाली आहेत आणि त्या नव्या मुलाला तुम्हीच शिकवणार आहात म्हणे. साहेबांनी बिल वाचून विचारलं, हा तज्ज्ञ कुठला? मी म्हटलं, समुद्रापारचा. ते म्हणाले, "बघितलंस? बाहेरचं ज्ञान ते बाहेरचं," आणि सही केली. इथल्या तुमच्या पगाराच्या तिप्पट आहे.

तेव्हा सोबतची यादी फाडून टाका. त्याऐवजी एवढंच करा: तिकडे आणखी एखाद्या माणसाची गरज आहे का, ते विचारून बघा. मी सोमवारपासून येऊ शकतो. भाचा आहे असं सांगू नका, वशिला वाटेल. ओळखीचा आहे, कामाला वाईट नाही, असं म्हणालात तरी पुरे. आणि ते म्हणाल तेव्हा, जमलं तर, मला ऐकू येईल असं म्हणा.